उभं पीक

तिचा डावा पाय नव्या बुटात होता आणि उजवा नुसत्या मोज्यात, तेव्हा मांडीवरचा फोन थरथरला. बुटांच्या दुकानातल्या ठेंगण्या स्टुलावर ती बसली होती. समोर विक्रेता गुडघे टेकून नाडी ओवत होता, शेजारी तिची थोरली बहीण उभी राहून ‘काळे घे, मळखाऊ असतात’ असं पुन्हापुन्हा बजावत होती, आणि फोनवर प्रयोगशाळेतल्या लंबूचा निरोप होता : ‘पीक उभंच आहे.’ खाली यंत्राच्या पडद्याचा घाईघाईत तिरका काढलेला फोटो. सपाट रेघ, मग एकदम आभाळात घुसलेला सुळका, मग पुन्हा सपाट रेघ. तिने फोटो मोठा केला, लहान केला, फोन आडवा करून पाहिला. सुळका आडवा झाला, पण गेला नाही. तिचे कान तापले. छातीत काहीतरी असं उसळलं की ती तशीच एका बुटावर उभी राहिली आणि विक्रेत्याच्या हातातून नाडी सुटली. “काय झालं गं?” ताई दचकली. “घरी बरं आहे ना सगळं?” “पीक पडलं नाही, ताई!” “कसलं पीक? शेती कधी घेतलीत तुम्ही? आणि मला सांगितलं नाहीत?” ती हसायला लागली. दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली तरी तिला हसू आवरेना. “मी जाते,” ती म्हणाली. “अगं, बूट?” “काळे घे.” “माझ्या मापाचे नाहीत ते!” ताई ओरडली, पण तोवर ती काचेच्या दाराबाहेर पडली होती. आपण बूट काढून स्वतःच्या चपला घातल्या की नाही हे तिला बस सुटल्यावर आठवलं. खाली पाहिलं तर चपला होत्या. पाय शहाणे निघाले होते, डोकंच कुठेतरी राहिलं होतं.

बसच्या खिडकीच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. कानापासून कानापर्यंत हसणारं, चाळिशी ओलांडलेल्या बाईला न शोभणारं. तिने ओठ मिटले, ते पुन्हा पसरले. प्रयोगशाळेत आलेखातल्या सुळक्याला सगळे पीकच म्हणत, आणि हे पीक आज पडायला हवं होतं. तसा करारच होता. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमच्या सबंध आयुष्याच्या कामाचा तो करार होता. डोळे मिटले की तिला पेशी दिसायची, पुस्तकातल्या चित्रासारखी गोल आणि गुळगुळीत नव्हे, तर सतत हलणारी, तवंगासारखी सरकणारी. तिच्या आवरणात असंख्य स्निग्ध रेणू खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यातलेच काही स्फिंगोलिपिड. एक कणा, कण्याला जोडलेली एक लांब शेपटी, वर एखादं डोकं. जुने झाले, नकोसे झाले, की पेशी त्यांना आत ओढते आणि आम्लाने भरलेल्या चिमुकल्या पिशव्यांत टाकते. तिथे डोकं उडतं, शेपटी तुटते, उरतो तो नुसता कणा, स्फिंगोसिन. त्याच कण्याला नवी शेपटी चिकटली की होतं सेरामाइड, आणि सेरामाइड म्हणजे पेशीच्या आतलं बोलणं. थांब, वाढू नकोस, म्हणणारं. कधीकधी, पुरे झालं, आता मर, म्हणणारं. बाहेरून धोक्याचा इशारा आला की पेशीत सेरामाइड भराभर वाढतं, इथवर कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ते येतं कुठून. मॅडम म्हणत आल्या होत्या, नवं कोरं घडवलं जातं, साध्या कच्च्या मालापासून, पहिल्या पायरीपासून. इशाऱ्यासारखं नाजूक काम पेशी मोडतोडीच्या मालावर कशी सोपवेल? हे वाक्य मॅडमच्या तोंडी असं काही शोभायचं की ऐकणाऱ्याला त्यापुढे शंका काढणं असभ्य वाटायचं. लवकरच मॅडम निवृत्त होणार होत्या, त्याआधी त्यांचं गौरवाचं व्याख्यान होतं, आणि त्या व्याख्यानासाठी एक शेवटचं चित्र हवं होतं : नव्या घडणीची पहिली पायरी औषधाने बंद केली, मग इशारा दिला, तर सेरामाइडचं पीक पडतं. निव्वळ सोपस्कार. म्हणून तर ते काम तिच्याकडे दिलं होतं. आणि पीक पडलं नव्हतं.

आनंद तिच्याकडे कधी एकटा येत नसे. त्याचं बोट धरून भीती यायचीच. आई म्हणायची, फार हसू नका गं, हसण्याची फेड रडण्यात होते. दोघी बहिणी अंथरुणात खिदळायला लागल्या की आई दारात उभी राहून अगदी शांतपणे हे म्हणायची, आणि हसू घशातच थिजायचं. ताईने ते कधी मनावर घेतलं नाही. हिने घेतलं, आणि एकदा तर ते शब्दशः खरं होताना पाहिलं. प्रयोगशाळेत येऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा तिला एक नवाच स्निग्ध रेणू सापडला होता. कुठल्याच यादीत नसलेला, प्रत्येक नमुन्यात दिसणारा. ती नाचली होती. अक्षरशः, हात धुण्याच्या बेसिनपाशी. सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सभेत उभी राहून सांगितलं, आणि मग तिथल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने मिशीत हसत विचारलं होतं, “बाई, नळ्या कुठल्या वापरता?” तो रेणू पेशीतला नव्हताच. प्लास्टिकच्या नळ्यांची झाकणं घट्ट चिकटू नयेत म्हणून कारखान्यात लावतात त्या पदार्थाचा होता. सभागृह हसलं, तेही दुष्टपणे नाही, प्रेमाने, आणि प्रेमाने हसलेलं जास्त लागतं. परत आल्यावर प्रयोगशाळेत तिचं नाव ‘प्लास्टिक’ पडलं. कुणी मुद्दाम तोंडावर म्हणत नसे, पण फ्रीजमधल्या तिच्या डब्यावर कुणीतरी चिठ्ठी लावली होती, ‘यात काचच आहे ना?’ ती नोकरी सोडायची म्हणून मॅडमच्या खोलीत गेली होती. मॅडमनी मान वर करून पाहिलंही नाही. “झाकणं बदल,” त्या म्हणाल्या, “आणि उद्या ये.” बस्स. पुढची सगळी वर्षं त्या एका ‘उद्या ये’वर ती येत राहिली. तेव्हापासून काचेच्या नळ्या, काचेच्या बाटल्या, प्रत्येक नमुन्यासोबत एक रिकामी नळी, दुधाने पोळलेल्या तोंडाने ताक फुंकावं तशी. बस एका चौकात थांबली, आणि तिच्या मनात आलं की आपल्याला हसू नक्की कशाचं येतंय? खरं काय ते दिसलं याचं? की मॅडम चुकल्या याचं? ती विचारापासून झटकन बाजूला झाली, तापल्या भांड्यावरून हात काढावा तशी. पण हसू गेलं नाही. ते दोन्हीकडून येत होतं, आणि दोन्हीची चव एकच होती.

लंबू हा वजनकाटेवाला. म्हणजे रेणूंची वजनं करणाऱ्या त्या अवाढव्य यंत्राचा राखणदार. उंचीमुळे त्याला यंत्राच्या खोलीच्या दारातून नेहमी वाकून यावं लागे, आणि तो कुणापुढे वाकत असेल तर तेवढ्याच चौकटीपुढे. ती आत शिरली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत होता, एखाद्या खोडकर पोराकडे बघावं तसा. “आलीस? बस. पाणी पी. धावत आलीस का?” “रिकामी नळी?” तिने विचारलं. “स्वच्छ. काच, तुझी लाडकी काच. मीच दोनदा बघितली.” “औषधाची नळी आणि बिनऔषधाची नळी अदलाबदल झाली असेल.” “झाली नाही.” “कशावरून?” “कारण तू लावलेली चिठ्ठी आहे, आणि तुझं अक्षर इतकं वाईट आहे की कुणाला नक्कल करता येणार नाही.” ती हसली नाही. ती पडद्यासमोर वाकून त्या सुळक्याच्या पायथ्याकडे बघत राहिली. औषध दिलेल्या पेशींचं पीक आणि औषध न दिलेल्यांचं पीक अंगाला अंग लावून उभी होती, जुळ्या बहिणींसारखी. “औषधच मेलं असेल,” ती म्हणाली. “हो, असेल की,” लंबू म्हणाला. “मग ते सिद्ध कर आणि मला जेवायला जाऊ दे.” तिने ते सिद्ध करायला घेतलं. औषध जिवंत आहे का हे विचारायची एक सोपी युक्ती होती. पेशीला कच्च्या मालात जड अणूची खूण केलेलं सेरिन द्यायचं. नवी घडण चालू असेल तर ती खूण सेरामाइडमध्ये उतरते, बंद असेल तर उतरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. बिनऔषधाच्या पेशींत खूण होती. औषधाच्या पेशींत खूण जवळपास नव्हतीच. कारखाना बंद. कुलूप पक्कं. आणि तरीही इशारा दिल्यावर गोदामातून माल बाहेर येतच होता.

त्या दिवशी ती घरी चालत गेली. बसमध्ये बसवेना. रस्ता रोजचाच होता, तो दुरुस्तीला काढलेला फुटपाथ, तो किल्ल्या बनवणाऱ्याचा खोपटाएवढा गाळा, आणि सगळं कुणीतरी नुकतंच पुसून ठेवल्यासारखं लखलखत होतं. माणसं जात होती, प्रत्येक माणसात अब्जावधी पेशी, प्रत्येक पेशीत त्या आंबट पिशव्या, आणि या क्षणी, कुणाला पत्ता नसताना, तिथे जुनी डोकी उडत होती, शेपट्या तुटत होत्या, कणे मोकळे होत होते. एका म्हाताऱ्याला तिचा धक्का लागला. “जरा बघून!” तो म्हणाला. “बघतेच आहे,” ती म्हणाली, आणि तो बराच वेळ तिच्याकडे वळून बघत राहिला. नवरा पोहायला शिकवायचा. त्याच्या अंगाला कायम तलावाच्या औषधाचा वास असे, आणि तो वास आला की तिला घरी आल्यासारखं वाटे. तो कांदे चिरत होता. तिने दारातूनच बोलायला सुरुवात केली आणि चप्पल काढता काढता, हात धुता धुता, ओट्याला टेकून, सगळं सांगून टाकलं. तो चिरत राहिला. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, “म्हणजे मॅडम चुकल्या.” तिला ते वाक्य कुणीतरी तिच्या खिशातून काढून टेबलावर मांडल्यासारखं वाटलं. “तसं नाही.” “मग कसं?” “म्हणजे… हो.” “त्यांना सांगितलंस?” “अजून एकदा करून बघते.” “किती वेळा करून बघणार?” “तुला कळत नाही. त्यांचं व्याख्यान आहे. त्यांनी मला ठेवलं होतं, सगळे हसत होते तेव्हा.” तो कांद्यामुळे डोळे पुसत होता, पण हसतही होता. “पोरं पहिल्यांदा उडी मारायला फळीवर चढतात ना,” तो म्हणाला, “ती सगळी असंच म्हणतात. अजून एकदा खाली बघून येतो.” तिने त्याच्या पाठीत ओल्या हाताने धपाटा घातला. पण उपमा लागली. ही भीती की आनंद हे तिला सांगता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते वेगळं करून बघावंसंही वाटलं नाही.

मॅडमच्या खोलीत टेबलावर व्याख्यानाच्या चित्रांचे कागद पसरले होते आणि मधोमध एक मोकळी जागा ठेवली होती, तिच्या चित्रासाठी. मॅडम बुटक्या, ताठ, आवाज कधीच न चढवणाऱ्या. रागावल्या की त्यांचा आवाज उलट खाली जाई, आणि मग समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागे, तीच शिक्षा. तिने आलेख त्या मोकळ्या जागेत ठेवला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला. “औषध कुठल्या बाटलीतलं?” “नव्या बाटलीतलं, मॅडम. आणि चालतं ते. हे खुणेच्या सेरिनचं.” तिने दुसरा कागद पुढे केला. मॅडमनी तोही तितकाच जवळून पाहिला. खिडकीबाहेर कुणीतरी जिन्याचे कठडे रंगवत होतं, त्या रंगाचा वास आत येत होता. तिच्या मनात आलं, हा वास आता जन्मभर लक्षात राहणार. “म्हणजे नवी घडण बंद आहे,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. ती पुढे झुकली. “हो.” “मग आवरणातूनच थेट कापलं असेल. डोकं उडवलं की झालं सेरामाइड. शेपटी तोडा, कणा मोकळा करा, पुन्हा दुसरी शेपटी जोडा, एवढा उपद्व्याप पेशी कशाला करेल?” आणि इथे तिच्या तोंडून, तिने ठरवलेलं नसताना, मॅडमचं बोलणं संपायच्या आतच शब्द निघाले. “म्हणूनच शेपटी जोडणारंच बंद करू या! शेवटची पायरी. त्याचं वेगळं औषध आहे आपल्याकडे. थेट कापलेलं असेल तर त्याला जोडणीशी काही देणंघेणं नाही, पीक उभंच राहील. पण पीक पडलं, आणि मोकळे कणे साचलेले दिसले, तर…” ती थांबली. आपला आवाज खोलीच्या मानाने फार मोठा झाला होता. मॅडम तिच्याकडे बघत होत्या. “तर?” “तर जुन्याच कण्यांचं आहे, मॅडम. पिशव्यांतून आलेल्या.” मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग चष्मा डोळ्यांवर घेतला. “तुला हे व्हायला हवंय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या तोंडावर लिहिलंय. आणि मला व्हायला नकोय, ते माझ्याही तोंडावर असेल. अशा दोन बायकांच्या हातात प्रयोग देऊ नये. पेशींचं सगळं तू कर. नळ्यांवर नावं मी घालणार, तू पाठ करून उभी राहायचं. कुठल्या नळीत काय ते मला एकटीला माहीत. लंबूलाही नाही.”

आणि मॅडमनी नावं घातली. आकडे घातले तर तू क्रमावरून ओळखशील, त्या म्हणाल्या. म्हणून चार काचेच्या नळ्यांवर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : आत्या, मावशी, काकू, मामी. लंबूने ते ट्रेमध्ये पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “आता हा गोतावळा मी यंत्रात घालू?” “घाल,” मॅडम म्हणाल्या, “आणि एकीला दुसरीच्या जागी बसवू नकोस, रुसतात.” मॅडम विनोद करतात हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. यंत्राच्या खोलीत तिघांना उभं राहायलाही जेमतेम जागा होती. पंप घरघरत होता, जमिनीतून तो तळपायांना कळत होता. तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. पहिली काकू. पडद्यावर रेघ पुढे सरकत गेली, सरकत गेली, आणि जिथे उठायला हवं तिथे जराशी फुगून पुन्हा आडवी झाली. “काकू झोपलेली आहे,” लंबू म्हणाला. मग मामी. मामी अशी उठली की आलेखाचं वरचं टोक लंबूला वाढवून घ्यावं लागलं. मग आत्या. तिने श्वास धरला. आत्याही उठली, मामीच्या खांद्याला खांदा लावून. मॅडमच्या तोंडावर काही दिसलं नाही, फक्त त्यांनी हात मागे बांधले. मग मावशी. रेघ आली, त्या जागेपाशी आली, आणि तिला वाटलं आता, आता, आणि रेघ काहीच न होता पुढे गेली, पहाटेच्या रस्त्यासारखी रिकामी. “मावशी पडली!” लंबू ओरडला. “मावशी साफ आडवी!” “थांब,” मॅडम म्हणाल्या, “मोकळे कणे दाखव.” लंबूने दुसरं वजन निवडलं, दुसरा आलेख उघडला. तिथे मावशीच्या नावावर केवढा ढीग होता! जोडायला कुणी नाही म्हणून साचून राहिलेले कणे. बाकी तिघींकडे त्या मानाने काहीच नव्हतं. पंपाची घरघर फार मोठी झाल्यासारखी वाटली. “सांगा ना, मॅडम,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. मॅडमनी घसा खाकरला. “काकूला इशाराच दिला नव्हता. मामीला नुसता इशारा. आत्याला पहिल्या पायरीचं औषध.” त्या थांबल्या. “मावशीला शेवटच्या.” लंबूने खुर्ची गर्रकन फिरवली आणि त्याचं डोकं वरच्या नळीवर आपटलं. ती ओरडली नाही, नाचली नाही, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तेही तिला अपमानाचं वाटलं नाही. मॅडम एका पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसल्या. तिला वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं, माफीसारखं, आभारासारखं. पण मॅडमच आधी बोलल्या, आणि त्यांचा आवाज खाली गेला नव्हता. “पण तो कणा पिशवीतून बाहेर कधी पडतो?” त्या म्हणाल्या. “आधीच पडलेला असतो, की इशारा मिळाल्यावर पडतो? अगं, हे सगळ्यात आधी बघायला हवं! हे दिसेल का आपल्याला?” “दिसेल,” ती म्हणाली. “उजेडाची, दिव्याखाली हिरवी चमकणारी खूण लावलेला कणा असतो. पेशींना आधी तोच खायला घालायचा, पिशव्यांत साठू द्यायचा.” “मग व्याख्यानाआधी करू या.” “व्याख्यानात काय सांगणार, मॅडम?” “ते बघू. आधी हे बघू.”

पेशींना उजेडाचे कणे भरवून, ते पिशव्यांत मुरू देऊन सगळं तयार व्हायला व्याख्यानाची सकाळच उजाडली. सूक्ष्मदर्शकाची खोली म्हणजे काळे पडदे लावलेली अडगळच. कॅमेऱ्याचा संगणक दुरुस्तीला गेलेला, त्यामुळे पडद्यावर बघायची सोय नव्हती. डोळा लावायचा आणि बघायचं, एका वेळी एकीने. मॅडम भाषणाच्या कपड्यांत आल्या होत्या, त्यावर त्यांनी कुणाचातरी ढगळ पांढरा कोट चढवला होता आणि बाह्या दुमडल्या होत्या. इशाऱ्याचा थेंब मीच टाकणार, त्या म्हणाल्या. कित्येक वर्षांत त्यांनी नळीला हात लावला नव्हता, आणि थेंब टाकताना त्यांचा हात पेशींच्या बशीच्या काठाकडे भरकटला. तिने तो मनगटाशी धरला. न विचारता धरला, आणि थेंब नीट पडला. मग वाट बघणं. सुरुवातीला तिने पाहिलं : अंधारात हिरव्या ठिपक्यांचे पुंजके, उंचावरून दिसणाऱ्या गावांसारखे, प्रत्येक पुंजका म्हणजे एक पेशी, प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिशवी. मग मॅडमनी डोळा लावला, आणि त्या उठेचनात. बाहेर दारावर टकटक झाली. संस्थेच्या कार्यालयातली कुणीतरी बाई म्हणाली, पाहुणे आले आहेत, गाडी फाटकाशी आहे. “पाच मिनिटं,” मॅडम डोळा न काढता म्हणाल्या. मॅडमच्या कोटाच्या खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. “काय दिसतंय?” तिने विचारलं. “ठिपके आहेत अजून?” “अं.” “मॅडम, काय दिसतंय?” “फिके होतायत,” मॅडम पुटपुटल्या. “एक, तो डावीकडचा, तो गेलाच. आणि त्याच्याभोवती… हिरवं धुकं पसरतंय गं. आख्ख्या पेशीत पसरतंय!” मग त्याच ताठ झाल्या. “दिव्यानेच विझले असतील. शेजारची बशी बघ, बिनइशाऱ्याची. तीही तेवढाच वेळ दिव्याखाली ठेव.” बशी बदलली. तेवढाच वेळ, मॅडम घड्याळाकडे बघत, आणि दार पुन्हा वाजत. बिनइशाऱ्याच्या पेशींत ठिपके जसेच्या तसे लखलखत होते, एकही हललेला नव्हता. तिने ते स्वतः पाहिलं आणि तिच्या पाठीच्या मणक्यातून काहीतरी वर चढत गेलं. पहिली बशी पुन्हा खाली सरकवली, आणि ती बघणार तोच मॅडमनी तिला कोपराने बाजूला करून डोळा लावला. “अरे! अरे, बघ ना हे!” मॅडम ओरडल्या. ओरडल्याच. त्या छोट्या अंधाऱ्या खोलीत तो आवाज भिंतींवर आपटला, आणि दाराबाहेरची बाई गप्प झाली. “इशाऱ्यानंतर पडतात! आधी नाही, नंतर! एकामागून एक रिकाम्या होतायत. अगं, ही तर सगळीच निघाली, बघ, बघ!” पण बघायला जागा देत नव्हत्या. दोन्ही हातांनी त्यांनी नळकांडं धरून ठेवलं होतं, कोटाची एक बाही सुटून लोंबत होती. ती त्यांच्या पाठीमागे या पायावरून त्या पायावर होत होती, मान उंचावत होती, जणू त्यांच्या डोक्यावरून काही दिसणार होतं. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. “मॅडम,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. मग तिने दोन्ही हात मॅडमच्या खांद्यांवर ठेवले आणि त्यांना खुर्चीसकट बाजूला ढकललं. “सरका ना आता! मला बघू द्या!”

आणि मॅडम सरकल्या.